ओठावरचा डाग: उष्णता नव्हे, चीक

मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणाच्या ना कुणाच्या ओठाच्या कडेला नवा काळपट डाग उमटतो आणि घरचं निदान ठरलेलं असतं: "आंबे फार झाले, उष्णता बाहेर पडली." यात आंबा बरोबर आहे, उष्णता चूक. पोटात गेलेला रस ओठावर डाग पाडत नाही. डाग पाडतो तो देठाजवळचा चीक.

आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. बिब्बा उतला की अंगावर कसे फोड उठतात ते कोकणात सांगावं लागत नाही. काजूच्या टरफलातलं तेल आणि आंब्याचा चीक यांतही त्याच जातीचे, फिनॉल वर्गातले रेणू असतात. या रेणूंना कार्बनची लांब शेपटी असते. ती तेलकट असल्यामुळे रेणू त्वचेत सहज शिरतो, आणि ओठाचा लाल भाग तर फारच पातळ. खरं तर हा रेणू इतका लहान की एकटा असता तर प्रतिकारशक्तीने त्याची दखलही घेतली नसती. पण आत जाऊन तो आपल्याच प्रथिनांना चिकटतो आणि ती जोडी शरीराला परकी वाटते. त्वचेत पहारा देणाऱ्या लँगरहान्स पेशी तिला उचलून जवळच्या लसीका ग्रंथीत नेतात, तिथल्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, तिची खूण लक्षात ठेवतात. पुढे पुन्हा चीक लागला की टी-पेशी ओठाकडे धाव घेतात, पण दाह चढायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून शनिवारी चोखलेल्या रायवळ आंब्याची खाज सोमवारी सुटते आणि आळ येतो सोमवारच्या कालवणावर.

खाज आणि फोड जातात, डाग उरतो. मला या सगळ्यात विलक्षण वाटतो तो हाच भाग. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट पेशी रंग तयार करतात. दाह झाला की त्या जास्त रंग बनवू लागतात. दाह जोराचा असेल तर तळाच्या पेशींना इजा होते आणि हा रंग, म्हणजे मेलॅनिन, खालच्या थरात सांडतो. तिथल्या भक्षक पेशी तो गिळतात, पण तो लवकर पचत नाही. वरचा रंग मृत पेशींबरोबर गळून जातो, हा खालचा मात्र महिनोन्‌महिने टिकतो. त्यावर लिंबू चोळू नये. लिंबातल्या फ्युरानोकुमारिन नावाच्या रसायनावर ऊन पडलं की त्वचा पोळते आणि डाग वाढतो. आठ दिवसांत ओठ गुलाबी करण्याची हमी देणाऱ्या मलमांवरही पैसे घालवू नयेत.

प्रत्येक डाग चिकाचा नसतो. खालच्या ओठावरचा एकटा, सपाट, एकसारखा तपकिरी ठिपका बहुधा निरुपद्रवी असतो. त्यातून कुणाचं भाग्य उजळत नाही. निळसर फुगवटा दाबल्यावर फिका पडला तर ती फुगलेली शीर असू शकते. ठरावीक गोळी घेतली की दर वेळी त्याच जागी डाग उठत असेल, तर ती औषधाची ॲलर्जी असू शकते. गोळीची पट्टी घेऊनच डॉक्टरांकडे जावं. दुधासारखा पांढरा, मऊ डाग कोडाचा असू शकतो.

मिश्री, तंबाखू, गुटखा यांची सवय असणाऱ्यांनी आणि वर्षानुवर्षं उन्हात होडीवर काम करणाऱ्यांनी मात्र पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल, खरखरीत चट्टा अंगावर काढू नये. डाग कडक झाला, रक्त येऊ लागलं किंवा जखम 2 आठवड्यांत भरली नाही, तर दुखत नसलं तरी दंतवैद्य किंवा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. कर्करोगाची सुरुवात पुष्कळदा दुखत नाही, आणि ती शंका तपासायला ओठाचा एक लहानसा तुकडा पुरतो.