डेरीचा तट आणि त्यावरची पायवाट : पार्श्वभूमी

उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या वॉकिंग टूरमध्ये गाईड शहराचं नाव कसं उच्चारतो, याकडे स्थानिकांचे कान असतात. 'डेरी' म्हटलं की राष्ट्रवादी, म्हणजे एकसंध आयर्लंड हवं असणारा, 'लंडनडेरी' म्हटलं की ब्रिटनशी जोडलेलं राहू पाहणारा, असा सरळ हिशोब बाहेरचे लोक मांडतात. तो तितका सरळ नाही.

मूळ आयरिश शब्दाचा अर्थ ओकची राई. १६१३च्या राजसनदेने त्याच्या आधी 'लंडन' जोडलं, कारण ब्रिटनमधून आणलेल्या प्रॉटेस्टंटांच्या वसाहतीसाठी पैसा लंडनच्या व्यापारी संघांचा होता. आज ज्यावरून टूर निघते तो शहराभोवतीचा दीडेक किलोमीटरचा तटही त्याच पैशातून १६१९पर्यंत उभा राहिला. १६८९मध्ये कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सच्या सैन्याने आतल्या प्रॉटेस्टंटांना घातलेल्या १०५ दिवसांच्या वेढ्यातही तो पडला नाही. गंमत अशी, की त्या वेढ्याची आठवण जागवणाऱ्या प्रॉटेस्टंट संघटनेच्या स्वतःच्या नावात 'डेरी' आहे, 'लंडन' नाही. १९८४मध्ये पालिकेने आपल्या नावातून 'लंडन' काढलं. त्याबरोबर शहराचंही नाव बदललं का, हा प्रश्न कोर्टात गेला. २००७मध्ये बेलफास्टच्या उच्च न्यायालयाने सांगितलं : पालिकेचं नाव बदललं, शहराचं नाही, त्यासाठी कायदा किंवा राजाधिकार हवा. म्हणजे कागदोपत्री आजही लंडनडेरी. रस्त्यावरच्या पाट्यांवर मात्र 'लंडन' एवढीच अक्षरं रंगाने पुसलेली दिसतात. दोन्ही नावं एका तिरक्या रेघेने (इंग्रजीत 'स्ट्रोक') जोडून लिहायची, म्हणून कुणी 'स्ट्रोक सिटी' म्हणू लागलं आणि ते रुळलं.

तट सगळ्यांना मोकळा झाला तो मात्र अलीकडे. १९६०च्या दशकाअखेरीस पेटलेल्या राष्ट्रवादी आणि ब्रिटनवादी यांच्यातल्या संघर्षाच्या वर्षांत त्याच्या काही भागावर ब्रिटिश लष्कराचा पहारा आणि काटेरी तारा होत्या. १९९४च्या शस्त्रसंधीनंतर त्या हळूहळू निघाल्या. आजच्या टूरचा धंदा उभा राहिला तो त्यानंतरच.

तटाच्या पश्चिम कडेला उभं राहिलं की खाली बॉगसाइड ही कॅथलिक, राष्ट्रवादी वस्ती दिसते. तोफा वर, वस्ती खाली. ही उंची पायांनी अनुभवल्याशिवाय या शहराचा इतिहास कळत नाही, आणि जी टूर वरूनच परत फिरते ती मला अर्धवट वाटते. खाली रस्त्याच्या मधोमध एका घराची फक्त बाजूची भिंत उरली आहे. घर पाडलं गेलं, भिंत राखली. पांढऱ्या रंगावर काळ्या अक्षरांत 'तुम्ही आता मुक्त डेरीत प्रवेश करत आहात' अशा अर्थाची ओळ. 'मुक्त डेरी' म्हणजे रहिवाशांनी सरकारी अंमल झुगारून जाहीर केलेला भाग. पहिल्यांदा लिहिली गेली जानेवारी १९६९मध्ये.

तिथून काही पावलांवर ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. १३ जण त्या दिवशी गेले, एक नंतर. पहिल्या चौकशीने सैनिकांना जवळजवळ दोषमुक्त केलं. दुसरीचा अहवाल यायला १५ जून २०१० उजाडला. गिल्डहॉल या नगरभवनासमोर जमलेल्या गर्दीने ब्रिटिश पंतप्रधानांची माफी पडद्यावर ऐकली. बॉगसाइडमध्ये आज फिरवणाऱ्या गाईडांत त्या मृतांचे नातलगही आहेत.