मॉडेल रेल्वेचं नवीन इंजिन हळू चालतंय? तेल घालण्याआधी एवढं वाचा

शनिवारी-रविवारी आमच्या दुकानातून इंजिन घरी नेलं की सोमवारी सकाळी फोन येतो : "कंट्रोलरचा नॉब पूर्ण फिरवला तरी गाडी रेंगाळतेच. पीस खराब आहे का?" बहुतेक वेळा पीस उत्तम असतो. तो अजून मोकळा झालेला नसतो.

कारखान्यात भरलेलं ग्रीस घट्ट असतं, आणि खोका महिनोन्‌महिने गोदामात पडून राहिला की ते एकाच जागी बसून राहतं. मोटरीतले कार्बनचे ब्रशही कोरे असतात. ते घासून कम्युटेटरच्या (मोटरीबरोबर फिरणाऱ्या तांब्याच्या कड्याच्या) गोलाईवर नीट बसेपर्यंत मोटर पूर्ण जोर देत नाही. त्यामुळे नवीन इंजिन आधी मोकळं चालवून घ्यायला हवं. डबे न जोडता, गोल ट्रॅकवर, नॉब साधारण निम्म्यावर ठेवून अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे. मधे एकदा इंजिन उचलून उलट तोंड करून ठेवा, म्हणजे वळणाचा ताण एकाच बाजूला येत नाही. अधूनमधून हात लावून बघा. कोमट लागलं तर हरकत नाही, चटका बसला तर थांबवा. पहिल्याच दिवशी पाहुण्यांना दाखवायला दहा-बारा डबे लावून फुल स्पीडला सोडू नका.

आता ज्यासाठी हे पत्रक छापलं ती गोष्ट. इंजिन हळू आहे म्हणून त्यात तेल घालू नका. शिलाई मशीनचं तेल नको, कुलपावर मारायचा स्प्रे नको, आणि खोबरेल तर मुळीच नको. गेल्या डिसेंबरात एक इंजिन आलं, फक्त तीन आठवडे वापरलेलं. बोगीचं, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्याचं, झाकण काढलं तर गिअरच्या दात्यांमध्ये खोबरेल पांढरं गोठून बसलेलं. साधारण २४ अंशांखाली ते गोठायला लागतं, मग पुण्याच्या थंडीत दुसरं काय होणार? थोडं तेल मोटरीत उतरून कार्बनच्या भुकटीशी कालवलं गेलं होतं. कम्युटेटरच्या खाचा त्या काळ्या लगद्याने बुजल्या होत्या. चाकांवरच्या रबरी रिंगा फुगून सैल झाल्या होत्या, आणि चाकांनी तेच तेल सगळ्या ट्रॅकवर फिरवल्यामुळे घरातली बाकीची इंजिनंही जागच्या जागी घसरत होती. एका चमचाभर तेलापायी माझी अख्खी दुपार गेली.

अशा सफाईचे पैसे आम्ही घेतो. काही जणांना ते पटत नाही. पण प्रत्येक इंजिन आम्ही तुमच्यासमोर दोन्ही दिशांना चालवून दाखवूनच देतो, म्हणजे दुकानातून निघताना ते ठीक असतं. "खोका उघडलेला का?" असं विचारलं जातं, त्याचंही कारण हेच. तेल लागतं, पण बऱ्याच तासांनंतर, सुईच्या टोकावर मावेल तेवढं थेंबभर, आणि प्लास्टिकला चालणारंच. ते आमच्याकडे छोट्या बाटलीत मिळतं.

तासभर चालवूनही फरक पडला नाही तर ट्रॅककडे बघा. वायरीजवळ गाडी नीट पळते आणि लांबच्या टोकाला मंदावते? मग रुळांच्या जोडांमध्ये व्होल्टेज कमी होतंय. त्या टोकाला वायरीची दुसरी जोडी द्या. रुळांवर फोडणीच्या धुराचा चिकट थर बसतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या सुती कापडाने पुसा. पॉलिश पेपरने घासलंत तर ओरखड्यांत मळ आणखी लवकर साचतो. आणि ट्रॅक सतरंजीवर मांडू नका. तिचे धागे चाकाच्या दांड्याला गुंडाळले जातात, ते चिमट्याने एकेक ओढून काढावे लागतात.

आवाजाचा डिकोडर (इंजिनात बसवलेलं, आवाज आणि मोटर सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) असलेलं इंजिन साध्या डीसी कंट्रोलरवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवणाऱ्या कंट्रोलरवर, लावलं असेल, तर सुरुवातीचे काही व्होल्ट डिकोडरलाच जागं करण्यात जातात. गाडी उशिरा हलते आणि टॉप स्पीडही कमी मिळतो. डिजिटल कंट्रोलरवर मंद वाटत असेल तर डिकोडरमधल्या सीव्ही ३ आणि सीव्ही ५ या सेटिंग तपासा. पहिल्यावर वेग किती सावकाश वाढेल ते ठरतं, दुसऱ्यावर कमाल वेग. आकडे बदलायची धास्ती वाटत असेल तर इंजिन घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे, पैसे घेत नाही.

शेवटी, गाडी खरंच हळू आहे का, हे मोजा. एचओ या मापाचं मॉडेल म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान. ट्रॅकवर १ मीटरच्या खुणा करा, तेवढं अंतर कापायला लागलेले सेकंद मोजा आणि ३१३ ला त्या आकड्याने भागा. उत्तर येतं ते खऱ्या गाडीच्या हिशोबात ताशी किलोमीटर. ३ सेकंद लागले तर वेग झाला सुमारे १०४. आपल्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाची कमाल मर्यादा १२० होती. खेळण्यातली गाडी याच्या कितीतरी पुढे पळते, म्हणून तिची सवय झालेल्यांना चांगलं मॉडेल संथ वाटतं.

तासभर चालवत बसायला वेळ नसेल तर आमच्याकडून घेतलेलं इंजिन दुकानात सोडून जा. आमच्या ट्रॅकवर मोकळं करून देतो, विनामूल्य. कंट्रोलरही सोबत आणा. आणि फोन करण्याआधी ते सेकंद मोजून ठेवा, म्हणजे निम्मं निदान फोनवरच होतं.