हॉर्नच्या भोंग्यात शिरणारी टिंपनी

फ्रेंच हॉर्नचा भोंगा श्रोत्यांकडे नसतो, मागे वळलेला असतो. ऑर्केस्ट्रात त्याच्या मागच्या बाजूला पुष्कळदा टिंपनी मांडलेली असते. टिंपनी म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यांवर पडदा ताणून केलेले सुरेल नगारे. त्यांच्यावर जोराचा ठोका पडला की आपला सूर हलतो, कधी फुटतो, ही हॉर्नवादकांची जुनी तक्रार आहे. फक्त हॉर्न आणि तालवाद्ये यांच्यासाठी लिहिलेल्या आजच्या चेंबर रचनांमध्ये (मोजक्या वादकांसाठीच्या रचनांमध्ये) तर ही दोन वाद्ये हातभर अंतरावरही येऊ शकतात. मला या जोडीचे आकर्षण आहे ते इथेच: ही वाद्ये केवळ एकत्र वाजत नाहीत, एकमेकांच्या आत शिरतात.

हॉर्नचा स्वर ओठांपाशी तयार होतो, पण तो ठरवते नळी. एफ पट्टीच्या हॉर्नची गुंडाळलेली नळी सरळ केली तर सुमारे 3.7 मीटर भरते. ओठांतून सुटलेली हवेची लहर भोंग्यापर्यंत जाते, तिचा काही भाग बाहेर पडतो आणि बराचसा परत फिरतो. या येण्याजाण्याला साधारण 22 मिलिसेकंद लागतात. परतलेली लहर ओठांना ढकलते आणि ओठांचे कंपन त्या तालात बसते. नळी ओठांना अशी आधार देते खरी, पण अनेक जागी देते. पायाच्या स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा प्रत्येक पटीवर एक संनादी स्वर असतो. वर जावे तसे हे स्वर दाटीने येतात. पंधराव्या आणि सोळाव्यात जेमतेम सात टक्के फरक उरतो. ओठ जरासे ढळले की शेजारचा स्वर लागतो. हॉर्न अवघड वाद्य समजले जाते ते यामुळेच.

आता याच नळीत उलट्या दिशेने आवाज शिरला तर? सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील संशोधकांनी हेच मोजले. भोंग्यापाशी असलेला ध्वनीचा दाब माउथपीसपर्यंत (ओठ टेकवायच्या तोंडापर्यंत) पोहोचताना काही कंपनसंख्यांना 20 डेसिबल किंवा त्याहूनही अधिक वाढतो. दाबाच्या भाषेत ही वाढ दहापट. रुंद भोंग्यात गोळा झालेली लहर अरुंद होत जाणाऱ्या नळीतून ओठांवर येऊन आदळते. जवळच्या टिंपनीच्या ठोक्याने ओठांच्या कंपनाची ताकद, नियमितपणा आणि कंपनसंख्या, तिन्ही बिघडू शकतात, हे त्या मोजमापांतून दिसले. वादकांची तक्रार खरी निघाली, आणि ती मोजून सिद्ध झाली याचा मला मनापासून आनंद आहे.

टिंपनीच का, याचेही कारण सुंदर आहे. नुसता गोल पडदा ताणून वाजवला तर त्याचे उपस्वर 1.59, 2.14, 2.30 अशा वेड्यावाकड्या पटींत येतात आणि सूर स्पष्ट होत नाही. टिंपनीच्या पडद्याला मात्र भोवतालची हवाही सोबत हलवावी लागते. त्या हवेच्या भाराने मुख्य कंपने खाली सरकतात आणि साधारण 1 : 1.5 : 2 : 2.5 या प्रमाणात बसतात. (तबल्यात हे काम शाई करते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की शाईच्या भारामुळे तबल्याचे उपस्वर जवळजवळ नेमक्या पूर्णांक पटींत येतात.) म्हणजे टिंपनी 87 हर्ट्झच्या एफ स्वरात लावली, तर तिची पहिली तीन मुख्य कंपने साधारण 87, 131 आणि 175 हर्ट्झवर येतील. एफ हॉर्नच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या संनादींच्या जागा याच. जी कंपने नळी सर्वांत आवडीने पोसते, तीच नेमकी तिच्यात शिरतात.

व्हायब्राफोनसोबत गोष्ट वेगळी होते. हे काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य; त्याच्या धातूच्या पट्ट्या कायमच्या सुरात लावलेल्या. हॉर्नचा अकरावा संनादी सुमारे 480 हर्ट्झचा. व्हायब्राफोनच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्या 466 आणि 494 हर्ट्झच्या. हॉर्नचा स्वर जवळपास बरोबर मध्ये पडतो. हॉर्नचा पायाचा स्वर षड्ज मानला तर हा स्वर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधला. दोन्ही पट्ट्यांशी सेकंदाला सुमारे 14 विस्पंद (आवाजाचे चढउतार) होतात आणि कानाला खरखर जाणवते. पाश्चात्त्य संगीताच्या शास्त्रीय काळातले वादक हा स्वर भोंग्यातल्या हाताने वरखाली ओढून ‘सुधारत’. विसाव्या शतकातल्या संगीतकारांना तो तसाच हवासा वाटू लागला. ग्यॉर्गी लिगेती यांनी 1998-99 मध्ये लिहिलेल्या ‘हॅम्बर्ग कॉन्सर्टो’त एकल हॉर्नच्या जोडीला व्हॉल्व्ह (नळीची लांबी बदलणाऱ्या कळा) नसलेले चार नैसर्गिक हॉर्न घेतले, ते अशा न ओढलेल्या संनादींसाठीच.

अडथळा आणणारा हा दुवा संगीतकाराच्या उपयोगाचाही आहे. वादकाने भोंगा टिंपनीच्या पडद्याजवळ नेऊन तिच्याच सुराचा लांब स्वर धरला, तर कोणी न वाजवता पडदा घुमू लागतो. तालवादकाने पायाने पेडल दाबून ताण बदलला की हॉर्नचा स्वर तोच राहूनही घुमारा विरतो, आणि ताण दुसऱ्या जुळत्या जागी आला की पुन्हा उमटतो. अशा रचनेत दोघे कुठे बसतात आणि भोंग्याचे तोंड कुठे आहे, हे स्वरलिपीइतकेच काटेकोर लिहायला हवे. टिंपनी फूटभर सरकली तरी ऐकू येणारे संगीत बदलते.