शेवाळ आणि पाणवनस्पती, भांडण जुनंच आहे

आपण पाण्यातल्या हिरव्या कशालाही सरसकट शेवाळ म्हणतो, फिशटँकमधली हायड्रिला पण शेवाळ आणि पाणी हिरवंगार करून टाकणारं ते पण शेवाळच. पण हायड्रिलासारखी पाण्यात बुडून वाढणारी पाणवनस्पती आणि ते तरंगतं शेवाळ ही दोघं एकमेकांची वैरी आहेत, आणि हे भांडण नेमकं कसं चालतं ते कळायला शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं लागली.

1949 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या हॅस्लर आणि जोन्स यांनी छोट्या तळ्यांत प्रयोग करून दाखवलं की जिथे पाणवनस्पती दाट तिथे तरंगतं शेवाळ कमी. मग वाद सुरू झाला, झाडं खत खाऊन टाकतात, की सावली पाडतात, की पाण्यात काहीतरी सोडतात? कारा नावाची एक पाणवनस्पती आहे (गंमत म्हणजे ती स्वतःच शैवालांच्या गोतातली), तिच्यातली गंधकाची द्रव्यं लॅबमध्ये शेवाळाची वाढ रोखतात हे 80 च्या दशकात दिसलं, पण खऱ्या तलावात त्याचा कितपत फरक पडतो यावर आजही एकमत नाहीये.

खरी कलाटणी मिळाली इंग्लंडच्या नॉरफोक ब्रॉड्समध्ये. ही तळी म्हणजे मध्ययुगात जळणासाठी पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) खणून झालेले खड्डे, नंतर पाणी भरलं. विसाव्या शतकात सांडपाणी आणि शेतातलं खत येऊन पाणी हिरवं झालं, झाडं गेली, आणि सगळ्यांना वाटलं की पाणी गढूळलं, अंधार झाला, म्हणून झाडं मेली. 1978 मध्ये फिलिप्स, एमिन्सन आणि मॉस हे संशोधक म्हणाले क्रम उलटा आहे, आधी झाडांच्या पानांवरच शेवाळाचा थर चढतो, झाडं खंगतात, आणि मग तरंगत्या शेवाळाला मैदान मोकळं. 1984 ला टिम्स आणि मॉस यांना एकमेकांना जोडलेली दोन पाणी सापडली, एक हिरवं, दुसरं स्वच्छ, आणि स्वच्छ पाण्यात वॉटर लिली होत्या. (त्या बुडालेल्या नाहीत, पानं वर तरंगतात, पण मुद्दा तोच.) शेवाळ चरणारी डॅफ्नियासारखी बारीक जीवजंतू माशांपासून त्या झाडोऱ्यात लपत होती. म्हणजे झाडं स्वतः लढतातच, वर लढणाऱ्यांना आसराही देतात.

मग एकदा हिरवं झालेलं पाणी पुन्हा स्वच्छ का करता येत नाही? त्याचं उत्तर नेदरलँड्समधल्या फेल्युवेमेरमध्ये. 1957 मध्ये तयार झालेला उथळ तलाव, तळाशी काराची गादी. 60 च्या दशकाच्या शेवटी सांडपाण्यातल्या फॉस्फरसने (शेवाळाला हे खतच) ती गेली आणि निळं-हिरवं शेवाळ माजलं. 1979 पासून सांडपाण्यातला फॉस्फरस काढायला लागले, फॉस्फरस उतरला पण पाणी काही निवळेना, कारण झाडं नव्हती आणि ब्रीम मासे तळ उकरून चिखल ढवळत होते. 1993 मध्ये शेफर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की फॉस्फरस तेवढाच असला तरी उथळ तलाव स्वच्छही राहू शकतो आणि गढूळही, आधी कोण बसलंय त्यावर ठरतं. 90 च्या दशकात ब्रीम काढले, कारा काठाच्या उथळ भागातून पसरायला लागली, आणि काही काळ एकाच तलावात काराच्या वरचं पाणी नितळ आणि लगतचं गढूळ असं चित्र होतं.