किशोर-तरुणांमधील नैराश्याचा प्रतिबंध : ग्रामीण विदर्भातील प्राथमिक आरोग्यसेवा

नैराश्याचा आजार पुरता जडण्याआधीच, सुरुवातीची लक्षणे किंवा ठळक जोखीम असलेल्या साधारण 13 ते 24 वर्षांच्या मुलामुलींना गावाजवळच्या आरोग्ययंत्रणेतून ओळखून मदत करण्याची पद्धत. आशा, आरोग्यसेविका, उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी हे काम करतात. मानसोपचारतज्ज्ञ लागतो तो पुढच्या टप्प्यावर. आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी सुमारे निम्मे वयाच्या 14व्या वर्षापर्यंत आणि तीन-चतुर्थांश 24व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात, म्हणून या वयावर भर दिला जातो.

प्रतिबंधाचे तीन प्रकार मानतात : सरसकट सर्वांसाठी, जोखीम असलेल्यांसाठी आणि थोडी लक्षणे दिसू लागलेल्यांसाठी. शाळेत 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, होणारे व्याख्यान पहिल्या प्रकारात येते. ते करणे सोपे, पण त्याचा परिणाम सर्वांत कमी. उरलेल्या दोन प्रकारांना संशोधनाचा अधिक भक्कम आधार आहे, आणि ते शाळेच्या सभागृहापेक्षा ओपीडीतच चांगले जमतात.

जोखमीत पहिला क्रमांक आई किंवा वडिलांच्या नैराश्याचा. त्यामुळे आईचे उपचार सुरू असतील तर घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलीचीही चौकशी करावी. घरात झालेली आत्महत्या, नापिकी आणि कर्ज, दहावीनंतर सुटलेली शाळा, पोलीस भरतीत पुन्हा आलेले अपयश, अठरा-एकोणीसच्या वयात सासरी आलेली सून, मेळघाट-गडचिरोलीकडे घरापासून दूर आश्रमशाळेत राहणारी मुले, हेही लक्षात ठेवावे.

ओळख. ‘मला उदास वाटते’ असे सांगत कोणी येत नाही. डोके दुखते, अंगात जीव नाही, झोप लागत नाही, छातीत धडधडते, करमत नाही अशा तक्रारी असतात. मुली पांढऱ्या पाण्याची तक्रार करतात, मुले धात (वीर्य) जाण्याची. किशोरवयात उदासीपेक्षा चिडचिड अधिक दिसते. अशा रुग्णाला सलाईन किंवा ताकदीची सुई दिली की तो समाधानाने घरी जातो आणि विचारपूस तिथेच संपते. हीच नेहमीची चूक.

गेल्या दोन आठवड्यांबद्दल दोन प्रश्न विचारावेत : कशातच मन लागत नाही, असे किती दिवस वाटले? उदास, हताश किती दिवस वाटले? प्रत्येकाला 0 (अजिबात नाही) ते 3 (जवळजवळ रोज) गुण. बेरीज 3 किंवा अधिक आली तर नऊ प्रश्नांची पूर्ण प्रश्नावली (पीएचक्यू-9, एकूण 27 गुण) घ्यावी. 18 खालील मुलांसाठी तिची वेगळी आवृत्ती आहे. 5 ते 9 गुणांचा गट हाच प्रतिबंधाचा मुख्य गट. 10 किंवा अधिक गुण असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वतः तपासावे, कारण गुण म्हणजे निदान नव्हे. सोबत हिमोग्लोबिन, गरज वाटल्यास थायरॉइड पाहावे. विदर्भात सिकलसेलचा विचार करावाच लागतो. दारू आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) किती, हेही विचारावे.

प्रश्न केसपेपरच्या खिडकीपाशी, रांगेसमोर विचारले तर उत्तर शून्यच येणार. ‘वजन-उंची घेतो, काकू, तुम्ही थोडं बाहेर बसा’ एवढे म्हटले तरी एकांत मिळतो. आशाताई त्याच गावच्या, कित्येकदा नात्यातल्या. त्यामुळे कोणती माहिती त्यांच्याकडे जाईल हे मुलाला आधी सांगावे. मात्र ‘कोणालाच सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावे लागते, आणि 18 खालील मुलावरील लैंगिक अत्याचार कळवणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर शून्याखेरीज काहीही आले तरी त्याच दिवशी पुढे विचारावे : काही ठरवले आहे का, साधन जवळ आहे का? कापसाच्या पट्ट्यात साधन म्हणजे बहुधा घरातच ठेवलेले फवारणीचे औषध. ते घराबाहेर कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे, अशी व्यवस्था घरच्यांकडून करून घ्यावी आणि मुलाला एकटे सोडू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लिहून द्यावा. विष घेतले असल्यास रुग्णवाहिकेसाठी 108.

मदत. 5 ते 9 गुणांच्या सौम्य गटाला गोळ्या लागत नाहीत. प्रशिक्षित समुपदेशक किंवा समुदाय आरोग्य अधिकारी 30-40 मिनिटांच्या सहा ते आठ भेटींत कृतिशीलतेवर आधारित समुपदेशन करू शकतात. पहिल्या भेटीत दिवसाचा तक्ता भरून घ्यायचा : कधी उठला, काय केले, तेव्हा कसे वाटले. बारावीत नापास झालेला मुलगा दुपारपर्यंत पडून राहतो, मित्रांना टाळतो, त्यामुळे आणखी खचतो. हे त्यालाच तक्त्यावर दिसले पाहिजे. मग एकच छोटे काम ठरवायचे, वार, वेळ आणि सोबतीसह : मंगळवारी सहाला चुलतभावाबरोबर मैदानावर. ‘व्यायाम कर’ असे मोघम सांगितले तर काही होत नाही. पुढच्या भेटींत एक सुटण्याजोगी अडचण निवडून तिचे पर्याय काढायचे. ‘चांगले विचार कर’ हा सल्ला निरुपयोगी. ‘लग्न लावून द्या’ हा घातक.

झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. 18 खालील मुलांना नैराश्यविरोधी औषध तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये. 25 वर्षांखाली सुरुवातीच्या आठवड्यांत या औषधांनी आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून तेव्हा दर आठवड्याला भेट हवी.

हा सारा कार्यक्रम फसतो तो बहुधा दुसऱ्या भेटीवर. सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की मुले येत नाहीत. तारखेपेक्षा बाजाराचा दिवस ठरवावा. शाळकरी मुलींसाठी मानव विकास योजनेच्या शाळेच्या बसची वेळ पाहावी. फोन घरात एकच असतो आणि तो वडील उचलतात. काय बोलायचे हे मुलीला विचारूनच ठरवावे.

यंत्रणा आणि अनुभव. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा, जिल्हा कार्यक्रम 1996 चा. 2014 चा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 10 ते 19 वयासाठी आहे. विशीतला बेरोजगार तरुण त्यातून निसटतो. 2015 पासूनचा प्रेरणा प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांसाठी. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात गावातले कार्यकर्ते, समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले. तो अभ्यास प्रौढांचा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे किशोरांच्या प्रतिबंधाचा पुरावा म्हणून तो वापरता येत नाही. गावात ही साखळी चालू शकते, एवढे त्यातून दिसते.

पुढे पाठवायचे तर जिल्हा रुग्णालय किंवा नागपूर, यवतमाळ, अकोला, सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालयाची मानसोपचार ओपीडी सोयीची. नागपूरच्या मनोरुग्णालयाचे नाव काढताच बरीच कुटुंबे माघार घेतात. भेटी संपल्यावर नऊ प्रश्न पुन्हा विचारावेत. गुण 5 खाली असले तरी तीन महिन्यांनी एकदा, आणि निकाल व पेरणी एकत्र येतात त्या मे-जूनमध्ये पुन्हा एकदा भेट ठेवावी.