कुपोषित मुलांची सूज : नव्वद वर्षांचं कोडं

“अवो ताई, भरलंय की लेकरू आता!” सोलापुरात अंगणवाडीत एखादी आजी कौतुकानं असं म्हणते, तेव्हा सेविका बाळाच्या पावलावर अंगठा तीन सेकंद दाबून धरते. दोन्ही पायांवर खड्डा तसाच राहिला, तर ते बाळसं नव्हे, सूज. वजन ठीक भरलं तरी असं मूल अतितीव्र कुपोषित धरतात. हाडं दिसणाऱ्या सुकटीच्या मुलापेक्षा मला याचीच धास्ती जास्त वाटते. घरच्यांना ते आजारी वाटतच नाही.

या आजाराचं वर्णन डॉ. सिसिली विल्यम्स यांनी आजच्या घानामधून १९३३ साली प्रसिद्ध केलं. तिथल्या गा भाषेतलं त्याचं नाव क्वाशिओरकोर, म्हणजे पाठचं भावंड आल्यावर आईच्या दुधावरून दूर झालेल्या मुलाचा आजार. आपल्याकडेही थोरल्याचं अंगावरचं दूध असंच तुटतं आणि पातळ कण्यांवर भागवलं जातं. विल्यम्स यांना मक्यावर वाढलेल्या त्या मुलांच्या आहारात प्रथिनं कमी पडत असावीत असं वाटलं. पुढे काही दशकं जगभर हेच उत्तर पाठ झालं : प्रथिनं कमी, रक्तात पाणी धरून ठेवणारं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी, म्हणून पाणी ऊतींत झिरपतं.

त्याला पहिला मोठा धक्का हैदराबादेतून बसला. १९६० च्या दशकात पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांना सुजणाऱ्या आणि सुकणाऱ्या मुलांच्या आहारात फरकच आढळला नाही. पुढे जमैकात मायकेल गोल्डन यांनी दाखवलं, की अल्ब्युमिन वाढण्याआधीच सूज उतरते. त्यांनी बोट ठेवलं ते पेशींची झीज करणाऱ्या मुक्त कणांवर. पण २००५ मध्ये मलावीत मुलांना या कणांना आवर घालणारी अँटिऑक्सिडंट देऊनही सूज टळली नाही. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिन या विषावरही संशय घेतला गेला. शेंगाचटणीच्या या गावात म्हणूनच सांगते, खवट, काळवंडलेला दाणा लेकराला देऊ नका. २०१३ मध्ये मलावीतल्याच जुळ्यांच्या अभ्यासात आतड्यातल्या जंतूंचा वाटा दिसला : घर एक, ताट एक, तरी एकच मूल आजारी. कारणं बहुधा एकात एक गुंतलेली आहेत.

उपचार मात्र या वादातून शहाणे झाले. सुरुवातीला एफ-७५ हे उपचाराचं खास दूध देतात, त्यात १०० मिलिलिटरला प्रथिनं जेमतेम ०.९ ग्रॅम, मीठही कमी. प्रोटीन पावडरची घाई अशा मुलाच्या यकृताला झेपत नाही. पहिल्या दिवसांत सूज उतरते तसं वजन घटतं, आणि आई घाबरून बाळाला घरी न्यायला निघते. तेव्हाच तिला थांबवावं लागतं : “पाणी उतरतंय ताई, लेकरू नाही.”