पंपाची ‘सवय’ लागते का?

गोदाकाठी धुकं उतरलं, निफाडकडे पारा घसरला की नाशिकच्या घराघरांत दमा डोकं वर काढतो आणि तो जुना मेसेज पुन्हा फिरतो: ‘पंप घेऊ नका, सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी.’

भीती समजण्यासारखी आहे. एकदा सुरू झालेला पंप (इनहेलर) बरेचदा चालूच राहतो. पण तो आजारामुळे. दम्यात श्वासनलिकांची सूज मुरलेली असते. औषध थांबलं की ती परतते. चष्मा काढला की धूसर दिसतं, तसंच.

‘गोळी बरी’ हे मात्र घरीच तपासता येतं. साल्ब्युटामॉल म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करून आराम देणारं औषध. त्याच्या 4 मिलिग्रॅमच्या गोळीत औषध असतं 4000 मायक्रोग्रॅम. त्याच औषधाच्या पंपाचा खोका वाचा: एका फवाऱ्यात साधारण 100. चाळीसपट फरक! गोळी पोटातून रक्तात आणि मग अंगभर फिरते, म्हणून हात थरथरण्याचा त्रास तिनेच जास्त. फवाऱ्यातले 1 ते 5 मायक्रॉनचे बारीक कण थेट फुप्फुसात उतरतात. मोठे घशातच चिकटतात, म्हणून सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची (हे सांगायचं हमखास राहून जातं).

आराम देणारा पंप वारंवार लागू लागला, तर ती सवय नव्हे, दमा आटोक्यात नसल्याची खूण. डॉक्टरांना दाखवा, पंप मनाने बंद करू नका.